पिकअप एका अंगाला का कलला?





यंदाच्या पावसाळ्यात शाळेचा पिकअप ज्यांनी ज्यांनी पाहिला, त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "सर, गाडी उजवीकडे कलली आहे का हो?" कलली होती. समोरून पाहिले की एका खांद्यावर पोते घेतलेल्या माणसासारखी दिसायची. हा प्रश्न आम्ही नववीच्या विज्ञानाच्या तासाला नेला आणि तीन शनिवार त्यावर घालवले. कलण्याचे कारण तर सापडलेच, पण ते शोधताना जी दुसरी गोष्ट सापडली ती जास्त गंभीर होती. ती सर्व पालकांना, विशेषतः ज्यांच्या घरी पिकअप किंवा जीप आहे त्यांना, कळावी म्हणून हा लेख.

पार्श्वभूमी अशी. हा पिकअप आपल्या एका विश्वस्तांनी वापरलेल्या स्थितीत शाळेला दिला. त्यातून मुलांची ने-आण होत नाही. ती मालवाहू गाडी आहे आणि तिच्या हौद्यात माणसे बसवू नयेत, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो. मध्यान्ह भोजनाचा तांदूळ, पाण्याचे कॅन, खेळाचे साहित्य, विज्ञान प्रदर्शनाचे नमुने, कधी मोडकी बाके, असा तिचा संसार. जैनथ, बेला या बाजूच्या गावांकडे जायचे म्हणजे काळी माती आली. कापसाला ही माती सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरीण. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. चालक काकांनी ही तक्रार केली, तेव्हा जूनमध्ये आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये "उचलून" घेतली. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या माथ्यावर २५ मिलिमीटर जाडीची एकेक लोखंडी चकती बसवली. गॅरेजमध्ये तिला स्पेसर म्हणतात. मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ४० मिलिमीटरचे ठोकळे टाकले. गाडी झकास उंच झाली. तीन आठवड्यांनी ती कलली.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले शॉकअप बसला. कुणी म्हणाले उजव्या बाजूला आणखी एक चकती टाका, हिशेब मिटला. एका अनुभवी चालकाने तर आम्हाला समजावले, "सर, ड्रायव्हर जिस तरफ बैठता है, गाड़ी उसी तरफ बैठती है." या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते पुढे येईल. पण चकतीचा सल्ला आम्ही ऐकला असता, तर एक चूक झाकायला दुसरी केली असती.

गाडीची उंची नेमकी कशावर टिकते, ते आधी पाहू. आपल्या बंडीला स्प्रिंग नसते. दगडाचा दणका सरळ धुऱ्यातून बसणाऱ्याच्या पाठीत जातो. टांग्याला पाट्यांची कमान आली आणि प्रवास सुसह्य झाला. आजही बहुतेक पिकअपच्या मागे तेच पाटे आहेत, काही गाड्यांच्या पुढेही. आपल्या गाडीत पुढे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशी दोन आडवी आर्म आहेत आणि खालच्या आर्मवर गुंडाळीची स्प्रिंग उभी आहे. स्प्रिंगच्या पोटातून शॉकअप जातो. दोन्ही एकत्र दिसत असल्याने लोकांची गल्लत होते. गाडी उचलून धरते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी शांत करण्याचे. शॉकअप गेला तर गाडी बोटीसारखी झुलेल, पण उभ्या जागी बसणार नाही. वायू भरलेले शॉकअप किंचित उचल देतात, इतकाच अपवाद.

दहावीच्या मुलांनी वर्गात स्प्रिंगला वजने टांगून आलेख काढला आहे. वजन दुप्पट केले की ताण दुप्पट, आलेख सरळ रेषेत जातो. हा नियम रॉबर्ट हूक यांचा. त्यांनी तो १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये कोड्याची उकल दिली. आपला शोध दुसऱ्याने लाटू नये म्हणून त्या काळी विद्वान असे करीत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे या गुणधर्माला "प्रत्यास्थता" म्हणत. मराठी पुस्तकात "स्थितिस्थापकता" हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही थबकलो होतो, पण आता तोच जास्त आवडतो. मूळ स्थिती पुन्हा स्थापन करणारी ती स्थितिस्थापकता.

मात्र मर्यादेपलीकडे वजन टांगले की स्प्रिंग मूळ लांबीवर परत येत नाही, हेही मुलांनी पाहिले आहे. गाडीच्या स्प्रिंगचे वर्षानुवर्षे असेच होते. ती थोडी थोडी आखूड होते. इथे एक गैरसमज आहे. लोक म्हणतात जुनी स्प्रिंग "नरम" झाली. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा प्रकार यांवर ठरतो. यांत तारेच्या जाडीचा वाटा सर्वांत मोठा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तार १० टक्के जाड केली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक. बसलेल्या स्प्रिंगमध्ये यातले फारसे काही बदलत नाही. ती तितकीच कडक राहते, फक्त ठेंगणी होते. म्हणून हाताने दाबून काही कळत नाही. मोजावेच लागते.

पहिल्या शनिवारी मोजणी. इथेच आमची पहिली चूक लक्षात आली. गाडी उचलण्यापूर्वीचे माप कुणीच घेतले नव्हते. पंधरा मिनिटांचे काम, पण राहून गेले. आता डाव्या-उजव्याची तुलना एवढेच हाती होते.

मोजायलाही पद्धत आहे. गाडी शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर उभी केली आणि जागा सपाट आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासले. एका कोपऱ्यात उतार निघाला, म्हणून गाडी दोनदा हलवली. टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी केली, हौदा रिकामा केला, स्टिअरिंग सरळ ठेवले. गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजायचे नाही. ती दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलायची आणि बोनेट दोन-चार वेळा दाबून सोडायचे, म्हणजे चाके आपल्या जागी बसतात. शेवटचे आणि महत्त्वाचे, माप जमिनीपासून घ्यायचे नाही. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचे. जमिनीपासून घेतले तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. नववीतल्या दोन मुलींनी प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढली. पुढे डावीकडे ५५२ मिलिमीटर, उजवीकडे ५३०. फरक २२. मागे जवळजवळ सारखेच.

पुढचा उजवा कोपरा खाली, म्हणजे दोष तिथेच, असे म्हणावेसे वाटते. पण गाडीची चौकट ही चारपाईसारखी असते. चारपाईचा एक पाय आखूड असला तर डुगडुगतो भलताच. मागचा डावा पाटा ताठर असला, तर तो चौकट तिरपी ढकलून पुढचा उजवा कोपरा दाबू शकतो. हे वेगळे ओळखण्याची एक साधी युक्ती आमच्या मेकॅनिकने दाखवली. पुढची चाके उटीने अडवून, मागच्या ॲक्सलच्या बरोबर मध्यभागी जॅक लावून मागची चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचलायचे. आता गाडी मागे एकाच बिंदूवर तोललेली असते आणि मागचे पाटे तिला कुठल्याच बाजूला ढकलू शकत नाहीत. या स्थितीत पुढचा फरक नाहीसा झाला तर दोष मागे, राहिला तर पुढे. आपल्या गाडीत तो राहिला, उलट थोडा वाढून २४ झाला. दोष पुढेच होता.

(हे काम मेकॅनिकने केले. मुले पांढऱ्या रेषेबाहेर उभी होती. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबणारी माणसे आपल्या गावात रोज दिसतात. खाली पक्का स्टँड लावल्याशिवाय कुणीही, अगदी मिनिटभरासाठीही, अंग घालू नये.)

दुसऱ्या शनिवारी जे कळले ते आम्हाला सर्वांत रंजक वाटले. आर्म जिथे चौकटीला जोडलेली असते तिथे रबराचा बुश असतो. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटलेले असते. आर्म वर-खाली होते तेव्हा ते घसरत नाही, पिळले जाते. म्हणून बोल्ट केव्हा आवळला याला फार महत्त्व आहे. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्के होते. मग गाडी खाली ठेवली की रबर पिळवटते आणि आर्मला सतत खाली रेटते, म्हणजेच गाडीला वर धरून ठेवते. ओला टॉवेल पिळून हातात धरला की तो उलटा फिरू पाहतो, तसे. पुढे हेच रबर लवकर फाटते.

आमच्या मेकॅनिकने गाडी तिच्या चाकांवर उभी असताना खालच्या आर्मचे बोल्ट सैल केले, गाडी हलवली, पुन्हा आवळले. उजवी बाजू ५३० वरून ५२८ झाली. डावी ५५२ वरून थेट ५३९! गॅरेजमध्ये उजवे चाक बहुधा नीट आवळले गेले असावे आणि डावे लोंबत असतानाच आवळले गेले. म्हणजे ज्या बाजूकडे कुणी बोट दाखवत नव्हते तीच निम्मी दोषी निघाली. उजवी बाजू खाली गेली होती तितकीच डावी खोटी वर अडकली होती. उजवीकडे चकती वाढवली असती, तर काही महिन्यांनी डावे रबर हरले असते आणि गाडी डावीकडे कलली असती.

आता फरक उरला ११. त्यासाठी स्प्रिंगा काढून मोकळी लांबी मोजली. उजवी डावीपेक्षा ७ मिलिमीटर आखूड भरली. सात मिलिमीटरने अकराचा फरक कसा, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने लगेच विचारला आणि आम्हाला तरफेचा धडा घ्यायची संधी मिळाली. खालची आर्म ही तरफच. आपल्या गाडीत चौकटीजवळच्या खिळीपासून स्प्रिंगची बैठक सुमारे २० सेंटिमीटरवर आणि चाकाकडचा बॉल जॉइंट सुमारे ३६ सेंटिमीटरवर आहे. ३६ भागिले २० म्हणजे १.८. स्प्रिंगजवळ १ मिलिमीटर बदल झाला की चाकाजवळ १.८ मिलिमीटर होतो. ७ गुणिले १.८ म्हणजे १२.६. मोजलेले ११, कारण मागचे पाटे गाडीला थोडे सावरून धरतात. याच हिशेबाने २५ मिलिमीटरच्या चकतीने गाडी २५ नव्हे, तर सुमारे ४५ मिलिमीटर उचलली गेली. "एक इंचाची चकती टाका" म्हणणाऱ्याला बहुधा माहीत नसते की तो जवळजवळ दोन इंच गाडी उचलतो आहे.

उजवीच आखूड का? चालक उजवीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो. डावी सीट रिकामी. वर्षानुवर्षे हा भार त्या स्प्रिंगवर पडला. त्या अनुभवी चालकाचे म्हणणे इथे खरे ठरले.

ज्या पालकांच्या गाड्यांची रचना वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे पाटे असतील, तर मधला बोल्ट तुटला आहे का, एखादे पान चिरले आहे का, शॅकलचे बुश जाम आहेत का हे पाहावे. काही जुन्या जीपा-पिकअपना पुढे पिळाची लांब सळई असते, टॉर्शन बार. तिचा बोल्ट फिरवला की गाडी वर येते, म्हणून लोक तो सर्रास फिरवतात. फिरवण्यापूर्वी खडूने खूण करावी आणि किती आटे फिरवले ते लिहून ठेवावे. यापलीकडे आम्ही बोलणार नाही, त्या गाड्या आम्ही उघडून पाहिलेल्या नाहीत.

आता ती गंभीर गोष्ट. स्प्रिंगा काढल्या तेव्हा मेकॅनिकने चाक पूर्ण खाली लोंबू दिले, स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवले आणि आम्हाला वाकून बघायला सांगितले. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी सतारीच्या तारेसारखी ताणलेली होती आणि एका कडेला घासून तिचे कापडी अस्तर दिसू लागले होते. चकती स्प्रिंग-शॉकअपच्या माथ्यावर असल्याने चाक पूर्वीपेक्षा सुमारे ४५ मिलिमीटर जास्त खाली लोंबते. नळीची लांबी मात्र कारखान्याने दिलेलीच. सपाट रस्त्यावर हे कधीच दिसले नसते. चाक खोल खड्ड्यात लोंबले आणि त्याच वेळी वळण घ्यावे लागले की नळीवर झटका. अशा खड्ड्यांसाठीच तर आपण गाडी उंच केली होती! बॉल जॉइंटही त्याच्या कोनाच्या टोकाला गेलेला होता. चाकांचे अलाइनमेंट बिघडून टायर एका कडेने झिजू लागले होते, तेही तेव्हाच दिसले. कललेली गाडी डोळ्यांना खुपत होती म्हणून आम्ही खाली वाकलो. ती सरळ उभी राहिली असती तर कुणी वाकले असते का, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही.

आणखी एक. रिकाम्या पिकअपचे मागचे अंग थोडे उंच असते, म्हणून पुष्कळांना तो मान खाली घातल्यासारखा दिसतो आणि पुढून उचलावासा वाटतो. ती खोट नाही. ५० किलोंची दहा पोती टाका, म्हणजे अर्धा टन. मागचे अंग खाली बसेल आणि गाडी समतल होईल. पुढून आधीच उचललेली असेल, तर भरल्यावर तिचे नाक वर जाते आणि दिव्यांचा झोत समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रात्री कापसाच्या हंगामात हा अनुभव आपण सर्वांनीच घेतला आहे.

कायद्याचे काय, असे एका विश्वस्तांनी विचारले. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पैनगंगेच्या अलीकडे टीजी ०१ आणि पलीकडे एमएच २९ असली तरी अधिनियम केंद्राचा आहे, दोन्ही काठांवर तोच. हे आम्ही जूनमध्ये वाचायला हवे होते. वाचले नाही, ही जबाबदारी आमची.

म्हणून तिसऱ्या शनिवारी चकत्या आणि मागचे ठोकळे दोन्ही काढले. मूळ क्रमांकाच्या नव्या स्प्रिंगांची जोडी बसवली. एकच स्प्रिंग बदलू नये, दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात, नाहीतर आज नव्या-जुन्याचा फरक पुन्हा कलण्याच्या रूपात दिसतो. ब्रेकच्या दोन्ही नळ्या नव्या टाकल्या, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळले आणि अलाइनमेंट करून घेतले. खर्चाची पावती विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठेवली आहे.

नवी मापे अशी आली: डावीकडे ५०८, उजवीकडे ५०५. तीन मिलिमीटरचा फरक नैसर्गिक आहे, दोन्ही बाजूंचे वजन कधीच तंतोतंत सारखे नसते. आता जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. बुश मोकळे केल्यावर उजवी बाजू ५२८ होती. त्यातून चकतीचे ४५ वजा केले तर ४८३ उरतात. म्हणजे जूनमध्ये चालक काका घासण्याची तक्रार करीत होते, तेव्हा उजवी बाजू नव्या स्प्रिंगपेक्षा सुमारे २२ मिलिमीटर आणि डावी सुमारे १४ मिलिमीटर खाली बसलेली होती. त्यांची तक्रार खरी होती. आम्ही तिला उंची वाढवण्याची मागणी समजलो. गाडी फक्त तिची हरवलेली उंची परत मागत होती.

पोट अजूनही कधीमधी घासते. पाऊस मोठा असेल त्या दिवशी चालक काका तांदूळ एकाच फेरीत नेण्याऐवजी दोन फेऱ्यांत नेतात आणि चाकोरी सोडून कडेने चालवतात. डिझेल थोडे जास्त लागते.

नव्या स्प्रिंगा सुरुवातीला किंचित बसतात, म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर नववीची मुले पुन्हा मापे घेतील. मापांची वही विज्ञान कक्षात ठेवली आहे. ज्या पालकांना आपल्या गाडीचे माप घ्यायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. पाण्याची नळी आणि फीत शाळेची, गाडी तेवढी रिकामी करून आणावी.